सकाळी सातचा एल निनो

मे संपत आला की आमच्या घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात: लोणचं आणि अण्णांचे प्रश्न. लोणचं निदान बरणीत जातं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. राहतात पुण्यात आमच्याकडे, पण जीव माण तालुक्यातल्या कोरडवाहू रानात. पेपर आला की चष्मा चढवून हवामानाची बातमी मोठ्यानं वाचतात आणि एखाद्या शब्दाला अडले की स्वयंपाकघराकडे तोंड करतात. "सूनबाई, तू सायन्सवाली ना?" मी बीएस्सी केली ती केमिस्ट्रीत. पण अण्णांच्या लेखी सायन्स एकच, आणि ते सगळं मला यायला हवं. त्यांचा मुलगा कॉमर्सवाला, त्यामुळे तो क्रिकेटचं पान घेऊन निवांत.

"हे एल निनो काय प्रकरण आहे गं?"

एका हातानं कांदा परतत मी सांगते, की प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा तापतं, तिकडचे वारे मंदावतात आणि त्यानं आपला पाऊस कमी होऊ शकतो.

"किती तापतं?"

"सरासरीपेक्षा निदान अर्धा अंश. तेही काही महिने टिकलं तर."

"अर्ध्या अंशानं दुष्काळ? अंघोळीच्या पाण्यात एवढा फरक पडला तर मला कळायचासुद्धा नाही." मग जरा थांबून, "आणि होऊ शकतो म्हणजे? होतो की नाही?"

इथे माझी पंचाईत होते. २००९ साली एल निनो होता आणि देशात पाऊस २२ टक्के कमी पडला, २०१५ साली १४ टक्के. पण १९९७ सालचा एल निनो चांगला दांडगा असूनही पाऊस सरासरीला धरून झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग गरम आणि पूर्वेकडचा गार होता, त्याला डायपोल म्हणतात, असं मी बोलून गेले आणि तिकडे पोहे खाली लागले.

"म्हणजे लांबच्या समुद्रानं बिघडवलं तर जवळचा सावरून घेतो," अण्णा म्हणाले. माझ्यापेक्षा सोपं सांगितलं, हे मी अर्थातच बोलले नाही.

खरी खडाजंगी 'तुरळक ठिकाणी' वर झाली. हवामान खात्याचा हिशेब चोख आहे. एखाद्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर तो तुरळक ठिकाणी, ५० पर्यंत काही ठिकाणी, ७५ पर्यंत बऱ्याच ठिकाणी आणि त्यापुढे बहुतांश ठिकाणी. अण्णांनी हे सगळं कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलनं टिपून घेतलं.

"आपलं रान कुठल्या टक्क्यात?"

"तसं नसतं सांगता येत, अण्णा."

"बरं, देशाची सरासरी किती?"

"चार महिन्यांत ८७ सेंटिमीटर."

"त्यात चेरापुंजी धरली?"

"धरली."

"महाबळेश्वर?"

"तेही."

"मग बरोबर आहे. पाऊस त्यांचा आणि सरासरी आपली."

एवढ्यात गावाहून नानांचा फोन आला. पेरणीचं काय करायचं, ही त्यांची रोजची चौकशी. अण्णांनी आवाज चढवला. "नाना, घाई करू नका. तिकडं पाणी अर्ध्या अंशानं तापलंय. पण आपला समुद्र काय म्हणतोय तेही बघावं लागतं. हो, हो, सूनबाई सायन्सवाली आहे ना! सगळं पाठ आहे तिला. काय? वास? फोनवरनं कसा येईल? हां, इथं येतोय. पोहे आहेत. सायन्सचं आणि पोह्यांचं एकदम जमत नाही तिला."