'जिज्ञासू पालक' यांना उत्तर : वहीतला जावा

नमस्कार 'जिज्ञासू पालक',

खरं नाव टाकलं असतं तर हाक मारायला बरं पडलं असतं. असो. आयसीएसई बोर्डाच्या दहावीच्या जावा (प्रोग्रॅमिंगची भाषा) पेपरच्या तयारीवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "कॉम्प्युटर बंद करून वहीत कोड लिहून घेणं म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. क्लासवाल्यांना तेवढंच जमतं."

आधी तुमचं बरोबर आहे ते. इंग्रजी आठ अक्षरी 'कोल्हापूर'वर सबस्ट्रिंग (२, ५), म्हणजे शब्दाचा तुकडा कापायची जावाची आज्ञा, चालवली की एल, एच, ए एवढी तीनच अक्षरं हाती येतात. मोजणी शून्यापासून, आणि पाचवं स्थान धरायचं नसतं. मी चार लिहिली होती. चुकलं. दुरुस्त केलंय.

आता ते 'क्लासवाल्यांना'. ही काय बोलायची रीत झाली? मी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनमागं चौघं असायचो. आपली पाळी आली आणि नेमकी लाईट गेली, की थेट पुढचा आठवडा. प्रोग्रॅम वहीत पक्का करूनच आत शिरायचो. त्याच सवयीवर राजारामपुरीत सतरा वर्षं शिकवतोय. घोकून सतरा वर्षं निघत नाहीत हो.

आणि पेपर कशावर असतो? कागदावरच ना? दोन तास, १०० गुण. ४० गुणांचा विभाग सक्तीचा, मग सहांतले चार प्रोग्रॅम, प्रत्येकी १५ गुणांचे. तिथं ब्लूजे, म्हणजे जावा लिहून चालवायचं सॉफ्टवेअर, नसतं चूक दाखवायला. असतं तरी काय दाखवतं म्हणा! मागच्या आठवड्यात एका पोरानं एक ते दहाची बेरीज केली. मोजणीचा 'आय' लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आधीच जाहीर केलेला, आणि 'फॉर' लूपच्या कंसापुढं सेमीकोलन ठोकलेला, म्हणजे लूपचं काम तिथंच संपलं आणि बेरीज बाहेर एकदाच झाली. ब्लूजेनं बिनतक्रार कंपाइल केलं. उत्तर ५५ ऐवजी ११. पोरगं वीस मिनिटं स्क्रीनकडं बघत बसलं. शेवटी वहीत 'आय' आणि 'सम' असे दोन रकाने आखून ड्राय रन करायला लावला, म्हणजे कोड ओळीओळीनं हातानं चालवून बघायला. 'आय' अकरावर पोचला तरी 'सम' शून्यच, तेव्हा स्वतःच ओरडलं, "सर, लूपचं पोट रिकामंच हाय की!"

याला घोकंपट्टी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

'जग पायथन भाषेकडं गेलं' हे तुमचं म्हणणं मला नको, बोर्डाला कळवा. अंतर्गत मूल्यमापनालाही १०० गुण असतात, मग मुलांना स्वतःचं काही बनवायला कधी देता, असंही तुम्ही विचारलंय. त्यावर सवडीनं लिहीन.

सहाची बॅच दारात उभी आहे. मुलाला एकदा घेऊन या. येताना वही आणा, लॅपटॉप नको.