नवीन नगराध्यक्षांसाठी काही सूचना (कात्री सोबत असू द्यावी)

तर तुम्ही निवडून आलात. अभिनंदन! गुलाल केसांतून निघायला चार दिवस लागतात, आधी खोबरेल तेल लावा आणि मगच नहा. आता पुढच्या पाच वर्षांत करायचं काय, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही नवखे आहात. ज्यांना पडत नाही ते दुसऱ्यांदा निवडून येतात.

1965 चा नगरपरिषदांचा कायदा आहे. सर्वसाधारण सभेत मधल्या खुर्चीवर तुम्ही बसायचं, कारभारावर लक्ष ठेवायचं, पण रोजची सही-शिक्का-फाईल मुख्याधिकाऱ्यांकडे. यात वाईट वाटून घेऊ नका. महापौरांचीही तीच कथा, सगळी सूत्रं आयुक्तांकडे आणि त्यात मुदत अडीचच वर्षं. आपल्याकडे कोकणात तर महापौर बघायचा म्हणजे घाट चढून कोल्हापूर नाहीतर थेट पनवेल गाठावं लागतं, रत्नागिरी-सिंधुदुर्गात एकही महानगरपालिका नाही. 2016 साली सरकारने ठरवलं की नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा. 2020 ला ठरवलं की नको, नगरसेवकांनीच निवडायचा. 2022 ला पुन्हा थेट. निवडायची पद्धत एवढ्या वेळा फिरली, पण निवडून आलेल्याच्या हातात येणारी वस्तू तीच राहिली. कात्री.

ती जपा. घरची आणू नका, घरची कात्री ऐन वेळी फीत चावत बसते.

वेळेबद्दल. पत्रिकेत 10 छापलं असेल तर पावणेबाराला निघावं. सव्वाअकराला पोचलात तर खुर्च्या अजून टेम्पोतच असतात आणि माईकवाला चहाला गेलेला असतो, उगाच तुमचीच शोभा. अपवाद 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीचा. मुख्य सरकारी ध्वजारोहण 15 ऑगस्टला 9 वाजून 5 मिनिटांनी आणि 26 जानेवारीला सव्वानऊला असतं आणि त्याच्या मागेपुढे दुसरा कुठला कार्यक्रम करायचा नाही असं परिपत्रक निघतं, म्हणून नगरपरिषदेचा झेंडा आपण त्याच्या आधीच चढवतो. वर्षातून दोनदा आपण वेळेवर येऊ शकतो हे त्यातून सिद्ध होतं. पण हे कुणाला बोलून दाखवू नका.

नारळ शिपायाकडून आधीच थोडा चिरून घ्यावा. तीन फटक्यांत न फुटलेल्या नारळाचे व्हिडिओ पाच वर्षं फिरतात.

गाऱ्हाणं घालायला गावकराला, म्हणजे गावच्या मानकऱ्याला, बोलवा. तो 'बा देवा म्हाराजा' म्हणाला की तुम्ही डोळे मिटून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यात तो रस्त्याची आणि पाण्याची अडचण देवाच्या कानावर घालतो. म्हणजे ती तुमच्याकडून देवाकडे वर्ग झाली. आवक-जावकला नोंदसुद्धा लागत नाही.

नारळी पौर्णिमेला बंदरावर जायचं. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपलेली असते, पुष्कळदा बोटी बाहेर पडून बांगडा बाजारात आलेला असतो, तरी दर्या शांत व्हावा म्हणून नारळ तुम्ही सोडायचा. पायात घसरणार नाही असं काहीतरी घाला, जेटीवर शेवाळ असतं. ते का असतं हे विचारायला तिथले लोक टपलेले असतात, म्हणून जास्त वेळ थांबू नये.

अभ्यासदौऱ्याला वेंगुर्ल्याला चुकूनही जाऊ नका. तिथे कचरा वेगळा करून त्याचं काय करता येतं ते बघायला देशभरातून माणसं येऊन गेली, पण आपल्याला ते फार जवळ पडतं. मुक्कामाचा भत्ता मिळत नाही.

स्वच्छतेच्या कार्यक्रमात पुष्पगुच्छ प्लास्टिकच्या कागदातलाच घ्या. बंदी 2018 पासून आहे, पण ती भाजीवाल्या बायकांसाठी आहे.

कोनशिला हा मात्र गांभीर्याने घ्यायचा विषय. पालकमंत्री, खासदार, आमदार, मग तुम्ही, मग उपनगराध्यक्ष, सभापती, सगळे नगरसेवक, मुख्याधिकारी आणि शेवटी बारीक अक्षरात ठेकेदार. एखादं नाव राहिलं तर दगड पुन्हा घडवावा लागतो, तोवर काम थांबवावं. आमच्याकडे मुतारीवर तेवीस नावं आहेत. आत दोन माणसं मावतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काम पूर्ण झालं म्हणून लगेच वापरायला देऊ नका. न वापरलेल्या वस्तूचंच लोकार्पण शोभून दिसतं. टाकी बांधून झाली तर पाणी सोडू नका, बालोद्यान तयार झालं तर मुलांना फाटकाबाहेरून बघू द्या. मंत्रिमहोदयांची तारीख मिळेपर्यंत कुलूप हवंच. आमच्या गावाने या बाबतीत जो आदर्श घालून दिलाय तो सांगतो. गावाचं नाव घेत नाही, उगाच दुसऱ्या गावांना वाईट वाटेल.

आमच्या स्मशानात नवीन शेड झाली. एप्रिलातच झाली. निळा पत्रा, उंच धुराडं, दोन लोखंडी दाहिन्या, बसायला कडप्प्याचे बाक, भोवती जाळी आणि जाळीला दार. दाराला कुलूप. कुलपावर लाल फीत, तिच्या मधोमध झेंडूचं तोरण. कोनशिलेवर सॅटिनचा पडदा, तो वाऱ्याने उडू नये म्हणून खाली चिरा ठेवलेला. मे महिन्यात तारीख मिळाली नाही. जूनमध्ये मिळाली, ती रद्द झाली. तोरण वाळून त्याची काडी झाली.

आषाढात माझी आत्ये गेली. पंच्याऐंशीची होती, झोपेतच गेली, त्याबद्दल तक्रार नाही. तीन दिवस पाऊस धरून होता. मुंबईचे दोघे भाऊ कोकणकन्या एक्स्प्रेसने येईपर्यंत थांबलो आणि अकराच्या सुमाराला तिला घेऊन तिथे पोचलो. चावी ज्याच्याकडे असते तो पोरगा छत्री घेऊन आधीच उभा होता. बिचारा माझ्याकडे बघतच नव्हता. म्हणाला, "काका, सायबान सांगितल्यान हा, उद्घाटन होयपर्यंत उघडूचा नाय. फीत तुटली तर माजी नोकरी जायत."

मी नगरपरिषदेत फोन लावला. तिथून उत्तर आलं की विनंती वर कळवतो. वर! आत्येपण वरच चालली होती, तिच्याकडे निरोप दिला असता तर लवकर पोचला असता.

मग शेडपासून पंधरा पावलांवर, सुरूच्या झाडांखालच्या जुन्या उघड्या ओट्यावर, आंब्याची ओली लाकडं रचली. चार भाच्यांनी ताडपत्रीची चार टोकं धरली, काठ्यांनी वर उचलून. रॉकेल आता कुठे मिळतं? डिझेल आणलं, डालड्याचे डबे आणले, साखर टाकली, राळ टाकली. पेटायचं आणि विझायचं. ताडपत्रीत पाणी साचून फुगा यायचा, तो काठीने ढोसला की सगळं पाणी नेमकं चितेवर. धूर खालीच घुटमळायचा. धाकटा भाचा, दहावीतला, डोळे पुसत होता आणि धुराने का रडून हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. साडेपाच वाजले. साडेपाच! आणि एवढा वेळ समोर, पंधरा पावलांवर, तो निळा पत्रा कोरडा ठणठणीत. त्याच्याखाली दोन कुत्री झोपली होती, जाळीखालून शिरलेली. त्यांना उद्घाटनाची अट नव्हती.

अठरा दिवसांनी लोकार्पण झालं. मला पत्रिका आली, 'सहकुटुंब सहपरिवार' अशी. गेलो. मंडप, राज्यगीत, शाल, श्रीफळ, पंधरा सत्कार. ठेकेदाराचासुद्धा. जुनी फीत पावसाने रंग सोडून गळून पडली होती म्हणून बाजारातून नवीन आणवली, ती येईपर्यंत पंचवीस मिनिटं थांबलो. मग नगराध्यक्ष बोलले. शेवटचं वाक्य असं होतं की नागरिकांनी या सुविधेचा जास्तीत जास्त लाभ घ्यावा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! मीसुद्धा एक हात दुसऱ्यावर आपटला, सवयीने. त्याची लाज अजून वाटते.

पुढे आणखी सूचना लिहिणार होतो, हार कुठल्या बाजूने घालायचा, फोटोत मान किती कलती ठेवायची वगैरे. नाही लिहीत. अहो आमचे नगराध्यक्ष, ती शेड तुमच्या खिशातून झालेली नाही. आत्येने चाळीस वर्षं घरपट्टी भरली, एकदाही थकवली नाही, पावत्यांची पिशवी अजून तिच्या पेटीत आहे. तिच्याच पैशाच्या पत्र्याखाली तिला जागा दिली नाहीत तुम्ही. कशासाठी? एका फोटोसाठी. तो फोटो तरी कुणी बघितला? दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर आला, त्यात तुमचा अर्धा चेहरा आमदारांच्या शालीमागे होता. मंत्री तर आलेच नाहीत.

आणि आम्हीही काही कमी नाही. चाळीस माणसं होतो त्या दिवशी. लाकडं फोडायला आणलेली कुऱ्हाड हातात होती. एका घावाचं कुलूप. कुणी पुढे झालं नाही, सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग ताडपत्री आणायला पळाले. त्या पोराची नोकरी गेली असती तर चाळीस जणांनी मिळून त्याला उभा केला नसता? कोण जाणे, कदाचित नसताच केला.

आता पुन्हा पावसाळा तोंडावर आलाय. शेडला कुलूप अजून आहेच, भंगारवाले दाहिन्या उचलून नेतील म्हणून. असू दे. पण चावीवाल्या पोराचा फोन नंबर जाळीवर रंगवा असं मी तीनदा अर्ज देऊन सांगितलंय. तीनदा पोच मिळाली, नंबर काही आला नाही. त्याला मंत्री लागत नाही, मंडप लागत नाही, फीत लागत नाही. दहा आकडे आहेत. रंग नसेल तर माझ्या पडवीत अर्धा डबा पडलाय, ब्रशही देतो. घेऊन जा.