एकच चादर, तीन गिऱ्हाइकं: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली तेव्हा राग आला. काल सकाळी पुन्हा वाचली तेव्हा राग गेला होता, पण टोचणी राहिली. म्हणून हे लांबलचक उत्तर.

इतर वाचकांसाठी मागचं थोडक्यात सांगतो. मित्राच्या चादरीच्या दुकानात घालवलेल्या एका दुपारीवर मी लिहिलं होतं. त्याने एकच जकार्डची चादर तीन गिऱ्हाइकांना तीन तऱ्हांनी दाखवली. हॉस्टेलला निघालेल्या पोराच्या आईला म्हणाला, "जड आहे मावशी. त्याला एकट्याला पिळायची नाही. ही हलकी घ्या." विजापूरकडच्या एका आजोबांना कानडीत "बर्री, बर्री" (या, या) करत बसवलं, आणि तीच चादर त्यांच्या मांडीवर टाकून म्हणाला, "वजन बघा की हो! थंडीत दुसरं काही लागणार नाही." आहेरासाठी २५ नग घेणाऱ्या बाईंना नुसता काठ दाखवला आणि वरची पिशवी. माणूस काय बोलेल हे त्याचा हेतू आणि समोरची परिस्थिती ठरवते, असं मी त्यावर लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं: "याला आमच्या काळी दुटप्पीपणा म्हणत. कणा असलेला माणूस सगळीकडे एकच बोलतो. परिस्थितीचं कारण तर प्रत्येक लबाड देतो."

आधी माझी चूक कबूल करतो, कारण ती तुम्ही बरोबर पकडलीत. डार्ली आणि बॅट्सन यांच्या १९७३ च्या प्रयोगाबद्दल मी लिहिलं होतं की घाईत असलेला एकही विद्यार्थी वाटेतल्या माणसासाठी थांबला नाही. हे खरं नाही. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतले ४० विद्यार्थी होते. एकेकाला भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं, आणि वाटेत एक माणूस कण्हत, मान टाकून बसवलेला होता. फारशी घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले, थोडी घाई असलेल्यांतले ४५ टक्के, आणि "उशीर झालाय, पळा" असं सांगितलेल्यांतले १० टक्के. गंमत म्हणजे काहींना जे भाषण द्यायचं होतं ते वाटेतल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवरच होतं. त्याने म्हणावा असा फरक पडला नाही.

तुम्ही विचारलंत, "मग ते दहा टक्के कुठून आले?" चांगला प्रश्न आहे. परिस्थिती माणसाला ढकलते, पण बांधून ठेवत नाही, हे मान्य. पण उरलेले नव्वद टक्के लबाड होते, असंही तुम्हाला म्हणता येणार नाही. त्याच पोरांना निवांत पाठवलं असतं तर त्यांच्यातले निम्म्याहून अधिक थांबले असते.

आता चादरीकडे. 'जड' आणि 'उबदार' हे त्याच वजनाबद्दल बोललेले शब्द आहेत. बादलीत हाताने धुणाऱ्या पोराला ते वजन अडचणीचं, आजोबांना सोयीचं. दोघांना एकच वाक्य ऐकवलं असतं तर दोघांपैकी एकाच्या ते कामाचं नव्हतं. यात मला खोटं दिसत नाही. आईला तर त्याने स्वस्तातली चादर दिली, स्वतःचं नुकसान करून.

आहेरवाल्या बाईंचं मात्र वेगळं. ती चादर पहिल्या दोन धुण्यांत रंग सोडते. हे मला माहीत होतं, मित्राला माहीत होतं, बाईंना नव्हतं. तो बोलला नाही आणि मीही 'हुशार विक्रेता' म्हणून त्याचं कौतुक लिहून मोकळा झालो. (आहेराची चादर घेणाराही वापरत नाही, ती पुढच्या लग्नाला फिरते, हा विनोद तेव्हा सुचला होता. पण विनोदाने हिशेब मिटत नाही.) पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाचा १९७५ साली छापलेला एक निबंध आहे. त्याचं म्हणणं, संभाषणाच्या हेतूला जेवढं लागतं तेवढं समोरचा सांगेल, असं धरूनच आपण ऐकत असतो. म्हणजे मित्र गप्प बसला तेव्हा बाईंनी त्या गप्प बसण्याचाही अर्थ लावला: सांगण्यासारखं काही नसावं. इथे तुमचा 'दुटप्पी' शब्द चपखल बसतो. फक्त तो तिन्ही गिऱ्हाइकांना एकदम लावू नका.

"शब्द चांगला की वाईट हे ठरलेलं असतं," असंही तुम्ही म्हणता. सर, तुम्ही सोलापूरचेच. पूर्व भागातल्या तेलुगू घरात पाहुण्याला आदराने 'या' म्हणायला जो शब्द वापरतात तो मराठी कानाला कसा ऐकू येतो, हे मी इथे छापणार नाही. नवीन आलेला माणूस एकदा दचकतो आणि मग बसून चहा पितो. आपला 'बे' घ्या. मित्राला "काय बे" म्हटलं नाही तर तो विचारतो, रागावलास का? तोच शब्द तुम्हाला लावला तर तुम्ही मला वर्गाबाहेर काढाल.

आणि रागावू नका, तुमचीच प्रतिक्रिया पाहा. सुरुवात "आपला लेख वाचला" अशी आहे. मध्यावर "तुम्ही" आलं. शेवटी "तुम्ही आजकालची पोरं". हा उतार मला आवडला. राग चढला तशी भाषा बदलली, एवढंच.

सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा मुद्दा मात्र तुम्ही चुकीच्या ठिकाणी वापरलात. "मार्शल लॉ असताना ते चौघे परिस्थिती बघत बसले नाहीत," असं लिहिलंत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. मे १९३० मधला मार्शल लॉ साऱ्या शहरावर होता. परिस्थिती सगळ्यांना एकच होती, हेतू निरनिराळे होते. म्हणून तर माझ्या त्या लेखाच्या शीर्षकात दोन शब्द होते, हेतू आणि परिस्थिती. तुम्ही दुसराच वाचलात.

राहिला 'सगळीकडे एकच बोलणारा' माणूस. असा एकच माझ्या पाहण्यात होता, माझे वडील. तीस वर्षं यंत्रमागावर. कारखान्यात मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही. तिथे हाताने चालायचं: अंगठा ओठाशी नेला की चहा, दोन बोटं नेली की विडी. नाहीतर कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. तोच आवाज घरी आला. आईला मीठ मागितलं तरी शेजारीण दारात यायची, काय झालं म्हणून. एकदा गल्लीत कुणी वारलं. वडील भेटायला गेले, मीही बरोबर होतो. सगळे खाली बघून बसलेले. वडिलांनी विधवा बाईंना विचारलं, "कसं झालं हो?" मागावरच्या आवाजात. ती बाई दचकून भिंतीला सरकली. वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते कुणाला दिसलंच नाही. परत येताना ते वाटभर गप्प होते.

भेटलात तर तोंडावर सांगेन, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. या रविवारी सकाळी आठला पार्क चौकात चहाला येतो, नक्की. एकच आधी सांगून ठेवतो: वडिलांचा आवाज माझ्याकडे आलाय. शेजारच्या बाकावरचे वळून बघायला लागले तर आपलं भांडण चाललेलं नाही, एवढं त्यांना तुम्ही सांगा. माझं ऐकणार नाहीत.