ट्रिपल सेव्हनचा फॉरवर्ड आणि आमच्या भाच्याचा लॅपटॉप

परवा रात्री साडेअकराला भांडुपहून भाच्याचा फोन. "मावशी, सुडोच चालत नाहीये. उद्या सबमिशन आहे." सुडो म्हणजे लिनक्समध्ये प्रशासकाच्या अधिकारात काम करून देणारी कमांड. काय केलंस विचारलं, तर वर्गाच्या ग्रुपवर आलेला मेसेज पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज ऑफिसातल्या ट्रेनीच्या मोबाइलवर दिसला, आणि डोकं फिरलं.

मेसेज असा: लिनक्समध्ये 'परमिशन डिनाइड' आलं की सुडो लावून थेट रूटवर सीएचमॉड -आर ७७७ मारा, पुन्हा एरर येणार नाही. आर्डुइनोचं (छोट्या इलेक्ट्रॉनिक्स बोर्डाचं) पोर्ट उघडत नसेल तर त्यालाही ७७७. घाबरू नका, लॅपटॉप तुमचाच आहे. (सीएचमॉड फाइलींच्या परवानग्या बदलते; ७७७ म्हणजे कुणालाही वाचणं, लिहिणं, चालवणं खुलं; -आर म्हणजे आतल्या सगळ्यासकट; आणि रूट म्हणजे इथे '/', सगळ्या फाइलींच्या मुळाशी असलेलं फोल्डर.)

'पुन्हा एरर येणार नाही'? अहो, एररचं माहेरघर होतं. सुडो चालते ती तिच्या फाइलवरच्या सेटयूआयडी बिटामुळे, म्हणजे कुणीही चालवली तरी फाइलीच्या मालकाचे, इथे प्रशासकाचे, अधिकार देणाऱ्या खुणेमुळे. नुसतं ७७७ लावलं की तो बिट पुसला जातो, म्हणजे ज्या सुडोकडून काम करून घेतलं तीच आडवी. वर सुडोअर्सची फाइल (सुडो कुणी वापरायची याची यादी) कुणालाही लिहिता येते असं दिसलं तरी ती चालायला नकार देते. युजर बदलणाऱ्या एसयूचीही तीच गत, तीही त्याच बिटावर चालते. दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणाऱ्या एसएसएचची खासगी किल्ली सगळ्यांना वाचता येत असेल तर एसएसएच ती हातात धरत नाही. भाच्याचं गिट पुश (कोड सर्व्हरवर चढवणं) तिथेच अडकलं. रिकव्हरी मोडातून सुडो जिवंत करता येते हो, पण बाकीच्या हजारो फाइलींच्या मूळ परवानग्या कुठे लिहून ठेवल्यात?

आणि सिस्टम अडवेल या भरवशावर राहू नका. सीएचमॉडचं मॅन पेज (माहितीपान) उघडा: रूटला वेगळं न मानणं हाच डिफॉल्ट, असं तिथे सरळ लिहिलंय. फाइली पुसणारी आरएम निदान रूटवर हटकते. हिला तेवढंही नाही.

'लॅपटॉप तुमचाच'. असेल. पण तुमच्या नावाने चाललेली कुठलीही फडतूस स्क्रिप्ट आता पासवर्डची फाइल बदलू शकते.

पोर्टचं मात्र खरं आहे, चालतं. केबल काढून परत लावेपर्यंत. यूडेव्ह (जोडलेली उपकरणं सांभाळणारा लिनक्सचा भाग) पोर्ट नव्याने बनवतं आणि परवानगी पुन्हा ६६०, म्हणजे फक्त मालक आणि ग्रुपला वाचणं-लिहिणं, ग्रुप डायलआउट. उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) त्या ग्रुपात स्वतःला घाला: युजरमॉड -एजी, मग लॉगआउट करून परत लॉगिन. त्यातला 'ए' खाल्लात तर बाकीचे ग्रुप जातात, सुडोचा धरून.

एरर आली की आधी ती वाचा. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' म्हणत असेल तर सीएचमॉडचा काही संबंध नाही. विंडोज नीट बंद न केलेल्या ड्युअल बूटवाल्यांना (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स) हे हमखास भेटतं. परवानगीचाच घोळ असेल तर नेमआय -एल मारा, फाइलीपर्यंतचा अख्खा रस्ता परवानग्यांसकट दिसतो. बरेचदा फाइल ठीक असते, वरच्या एखाद्या फोल्डरवर 'एक्स' (आत शिरायची परवानगी) नसतो.

त्या रात्री लाइव्ह यूएसबीवरून प्रोजेक्ट बाहेर काढला, उबुंटू नव्याने टाकलं, तीन वाजले. चहा घेताना विचारलं, मुळात एरर कशावर आली होती? तर /ईटीसी/होस्ट्समध्ये (नावांना आयपी पत्ते जोडणारी फाइल) एक ओळ घालायची होती. सुडो इको, मग दोन बाण (>>, फाइलीच्या शेवटी ओळ जोडायला), मग फाइल. ते बाण शेल (तुमच्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) चालवतं, तुमच्याच अधिकारात. सुडो फक्त इकोला लागली. इको पाइप करून सुडो टी -ए (मिळालेली ओळ फाइलीच्या शेवटी लिहिणारी कमांड), एवढंच हवं होतं.