‘नातवाचे दोन हजार डॉलर बुडवले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: मुलगी आणि दहा वर्षांचा नातू वर्षभर तुमच्याच घरी राहतात, घराचा हप्ता आणि किराणा तुम्ही भरता, तरी अमेरिकेच्या 2024 च्या कर-रिटर्नमध्ये आम्ही नातवाला तुमचा डिपेंडंट (रिटर्नमध्ये दाखवायची आश्रित व्यक्ती) धरलं नाही, त्यामुळे दोन हजार डॉलरचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलामागे करातून मिळणारी वजावट) बुडालं, आणि वर दाखले मागून चोरासारखी चौकशी केली. तुमच्या फाइलमधलं काहीही इथे उघड करायला कर कायद्याच्या कलम 7216 ची मनाई आहे. त्यामुळे तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो, आकडे उदाहरणाचे.

खर्च कोण करतं, हा इथे प्रश्नच नाही. नातं, 19 वर्षांखालचं वय आणि अर्ध्याहून जास्त वर्ष एका छताखाली राहणं या अटींवर नातू तुमच्याही रिटर्नमध्ये बसतो आणि आईच्याही. दोघांनी दाखवला तर आईचा हक्क आधी. आईने सोडला तरी आजोबांचा एजीआय (रिटर्नवरचं, काही ठरावीक वजावटींनंतरचं उत्पन्न) आईपेक्षा जास्त लागतो. घोडं इथेच अडलं.

‘सोशल सिक्युरिटी आणि पेन्शन मिळून आमचं उत्पन्न मुलीपेक्षा जास्त’ असं तुम्ही लिहिलंय. समजा सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) 32,000 आणि पेन्शन 14,000, म्हणजे घरात येतात 46,000. मुलीचा पगार 38,000. पण रिटर्नच्या फॉर्म 1040 च्या ओळ 6a वरचे 32,000 एजीआयमध्ये जात नाहीत, 6b वरची करपात्र रक्कम जाते. ती ठरवताना सोशल सिक्युरिटीची निम्मी रक्कम आणि पेन्शन यांची बेरीज बघतात. इथे ती 30,000 होते, आणि नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नला 32,000 पर्यंत 6b शून्य. म्हणून ओळ 11 वर तुमचा एजीआय उरतो 14,000, मुलीपेक्षा कमी. मुलीने हक्क सोडल्याचं लिहून दिलं तरी उपयोग नाही; त्यासाठीचा फॉर्म 8332 फक्त आईवडिलांमध्ये चालतो.

आता दोन हजारांचं. तुमचा कर मुळात शून्य असेल तर हे क्रेडिट वजा कशातून करणार? रोख परत मिळणारा भाग, 2024 साठी जास्तीत जास्त 1,700, हा 2,500 डॉलरच्या वरच्या कमाईच्या 15 टक्के असतो. कमाई म्हणजे नोकरी-धंद्याची. पेन्शन आणि सोशल सिक्युरिटी त्यात येत नाहीत. म्हणजे नातू दाखवूनही हाती काही आलं नसतं. मुलीला मात्र हे क्रेडिट मिळतं, आणि 2024 साठी एका मुलासह एकटीच्या रिटर्नला एजीआय 49,084 च्या आत असेल तर अर्न्ड इन्कम क्रेडिटही (कमी कमाई असणाऱ्यांसाठीचं). हेड ऑफ हाउसहोल्ड (घर चालवणाऱ्या एकट्या व्यक्तीचा कर कमी करणारा दर्जा) तिला घेता येणार नाही, कारण घराचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करता.

शेजाऱ्यांना नातवाचं क्रेडिट मिळालं म्हणता. त्यांची मुलगी 24 च्या आतली पूर्णवेळ विद्यार्थिनी असेल आणि त्यांचीच डिपेंडंट असेल, तर तिला स्वतःचा डिपेंडंट दाखवताच येत नाही. मग मुलगी आणि नातू दोघेही आजोबांकडे. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात.

आणि दाखले. या क्रेडिटसाठी आम्हाला फॉर्म 8867 (पात्रता आम्ही तपासल्याचा) भरावा लागतो. 2025 मध्ये भरलेल्या रिटर्नवर प्रत्येक चुकीला आम्हाला 635 डॉलर दंड आहे. आजोबा-नातू हे नातं दोन जन्मदाखल्यांनी जुळतं: नातवाचा, आणि त्याच्या आईचा. महाराष्ट्रातल्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा बऱ्याचदा कोरी असते, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. म्हणून आईचा शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नाचा दाखलाही मागितला. नातू तुमच्या घरी राहतो याच्या पुराव्याला शाळेचं पत्र लेटरहेडवर, तारखांसह आणि घरच्या पत्त्याचं लागतं. नुसतं प्रगतिपुस्तक पुरत नाही.

‘भरून तर बघायचं’ हा सल्ला फार धोक्याचा. एकाच मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर दोन रिटर्नमध्ये आला की दुसरं ई-फाइल परत येतं. आयपी पिन (कर खात्याने दिलेला ओळखीचा आकडा) घालून किंवा कागदावर पाठवलं तर पुढे दोन्ही घरांना सीपी 87ए नोटीस (एकच मूल दोन रिटर्नमध्ये आल्याची) येऊ शकते. नियमांकडे बेफिकिरीने डोळेझाक केल्याचं ठरलं तर दोन वर्षं क्रेडिट बंद.

मुलीच्या 2024 च्या रिटर्नमध्ये नातू राहून गेला असेल, तर 1040-एक्सने दुरुस्ती करून रिफंड मागायला 15 एप्रिल 2028 पर्यंत वेळ आहे. त्यासाठी मुलीला स्वतः यावं लागेल. तिच्या लेखी संमतीशिवाय तिचं रिटर्न तुमच्यासमोरही उघडता येत नाही.