एका पोत्याचा फरक

१४ मार्च २०२५ च्या शुक्रवारी धुळवडीची सुट्टी होती, नळाला पाणी येण्याचा दिवस होता आणि मेलबर्नला फॉर्म्युला वनच्या नव्या मोसमातील पहिले सराव सत्र होते. हा त्रिवेणी योग फार क्वचित जुळतो, आणि जुळला तर माणसाने सरळ तापाचे निमित्त करून पांघरूण ओढून घ्यावे, असे आता माझे मत झाले आहे. मार्चमध्ये मेलबर्नचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. त्यामुळे तिथले दुपारचे साडेबारा म्हणजे आमचे सकाळचे सात. आणि चार-पाच दिवसांच्या खंडानंतर आमच्या जुळे सोलापुरातल्या नळाला धार लागते तीही नेमकी सातच्या सुमारास.

शर्यत काय, कोणीही बघतो. जो पहिला येतो तो जिंकतो, हे समजायला विशेष बुद्धी लागत नाही. सराव बघायला मात्र व्यासंग लागतो, कारण त्या साठ मिनिटांत पडद्यावर दिसणारा प्रत्येक आकडा खरा असतो आणि तरीही त्यातून काहीच खरे कळत नाही. गाडीत इंधन किती भरले आहे, इंजिन किती ताकदीवर चालवले आहे, चालकाने शेवटच्या वळणावर मुद्दाम पाय सैल सोडला की काय, यातले कोणताही संघ काहीही सांगत नाही. टायरचा तेवढा रंग दिसतो: पांढरा हार्ड, पिवळा मीडियम, लाल सॉफ्ट. एवढ्या भांडवलावर कोणाची गाडी किती वेगवान आहे याचा हिशेब मांडण्यासाठी मी दरवर्षी दोनशे पानी वही घेतो आणि तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून पुढे सेकंदांचे हजारांश भाग लिहीत बसतो.

त्या दिवशी मी गच्चीवर टाकीला मोबाइल टेकवून, मांडीवर वही घेऊन बसलो होतो. टाकी भरत आली की मोटार बंद करण्यासाठी हाक मारायची, एवढे एकच काम घराने माझ्यावर सोपवले होते. तेवढ्यात थोरले काका चहा घेऊन वर आले. काकांनी बाजार समितीत उभे आयुष्य तोलार म्हणून काढले आहे आणि जगातील कोणत्याही प्रश्नाकडे ते काट्याच्या बाजूनेच बघतात.

“यात पहिला आला त्याला काय मिळतं?” त्यांनी विचारले.

“काही नाही, काका. हा नुसता सराव आहे.”

“मग तू लिहून काय घेतोयस?”

काकांना कळेल अशा भाषेत सांगायचे मी ठरवले. २०२५ च्या नियमाने या गाडीला शर्यतीत जास्तीत जास्त ११० किलो इंधन वापरता येत होते, म्हणजे मंगळवेढ्याच्या ज्वारीचे क्विंटलभराचे एक पोते आणि वर थोडी पिशवी. दर दहा किलोंमागे एका फेरीला साधारण तीन दशांश सेकंद जास्त लागतात. तेव्हा पोते उतरवून पळाले, तर गाडी फेरीमागे तीनेक सेकंदांनी हलकी होते. इकडे पहिल्या आणि शेवटच्या गाडीत अनेकदा दीड-दोन सेकंदांचेच अंतर असते. म्हणजे सगळा खेळ एका पोत्याचा आहे, आणि पोते कोणाच्या पाठीवर आहे हे दिसत नाही. कोणी मुद्दाम पोते लादून हळू पळतो, त्या लबाडीला इंग्रजीत वाळूच्या पोत्यांवरूनच नाव पडले आहे. उलट कोणी रिकामी गाडी पळवून नाव वर लावून घेतो, म्हणजे प्रायोजक खूश. हा दुसरा प्रकार सोलापूरकराला समजावण्याची गरज नाही. शेंगाचटणीच्या दुकानात चाखायला मिळणारी चिमूटभर चटणी आणि घरी नेलेल्या पुड्यातली चटणी यांत जे नाते असते, तेच इथे असते.

काकांनी शांतपणे चहा संपवला. “मग गाडी काट्यावर घाला की. एका मिनिटात कळंल.”

“तिथं काटा असतो, काका. पण गाडीत इंधन किती, ते कोणी दुसऱ्याला सांगत नाही.”

“वजन करायचं आणि सांगायचं नाही?” काका अस्वस्थ झाले. “आणि सरावाला जोर लावायचाच नाही? आपल्या सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाच्या सरावात कुणी असं चोरून अंग राखलं, तर पुढच्या वर्षी त्याला काठीजवळ उभं करतील का?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि असते तरी देता आले नसते, कारण तेवढ्यात हास संघाच्या बेअरमनने गाडी भिंतीवर घातली आणि लाल झेंडा लागला. सरावात लाल झेंडा लागला तरी घड्याळ थांबत नाही. पाण्याचेही तसेच असते. खालून सौभाग्यवतींचा आवाज आला, “अहो, भरली का टाकी?” मी न बघताच “अर्धी” म्हणालो. सत्र पुन्हा सुरू झाले, शेवटी मॅक्लारेनचा नॉरिस पहिला आणि विल्यम्सचा साइंझ दुसरा आला. सुट्टीला आलेला माझा भाचा ओरडला, “मामा, यंदा विल्यम्स!” साइंझच्या पाठीवर पोते होते की नव्हते, हा मूलभूत प्रश्न मी त्याच्यापुढे मांडत असतानाच टाकीच्या दुसऱ्या बाजूने ओघळ निघाला आणि शेजारच्या काकूंनी पहाटे उठून गच्चीवर घातलेल्या कुरडयांपर्यंत जाऊन पोहोचला. पुढच्या अर्ध्या तासाचे वर्णन मी करणार नाही.

दुसरे सत्र साडेदहाला होते. आमच्या गल्लीत रंग खेळतात तो रंगपंचमीला, पण माझा फेरारीवाला मित्र त्या दिवशीच डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन आला. हॅमिल्टन फेरारीत आल्यापासून तो घरातही लालच वावरतो. “काय लिहिलालास बे?” म्हणत त्याने माझी वही ओढून घेतली. आणि त्याच्या सुदैवाने त्या सत्रात फेरारीचाच लेक्लेर खरोखरच पहिला आला, १ मिनिट १६.४३९ सेकंद. मित्राने खुर्चीवर उभे राहून फेरारीला विश्वविजेतेपद देऊन टाकले आणि रविवारच्या शर्यतीवर अर्धा किलो शेंगाचटणीची पैज लावली.

मी त्याला इतिहास सांगितला. २०१९ मध्ये मोसमाआधीच्या बार्सिलोनाच्या चाचण्यांत सर्वांत वेगवान फेरी फेरारीच्या व्हेटेलची होती. मेलबर्नच्या शर्यतीत मर्सिडीजचा बोटास जिंकला आणि व्हेटेल त्याच्यामागे जवळपास मिनिटाने, चौथा आला. २०२४ ला बहारीनच्या पहिल्या सत्रात रिकार्डो पहिला होता, दुसऱ्या सत्रात हॅमिल्टन पहिला होता. शर्यतीत एक तेरावा आणि दुसरा सातवा. एका सुट्या फेरीवर काय जातोस, मी म्हणालो, सत्राच्या शेवटी गाड्या इंधन भरून लागोपाठ फेऱ्या मारतात त्या बघ. टायर झिजत असताना वेळ कशी राहते तिथे खरी गाडी कळते. या हिशेबाने माझ्या वहीत मॅक्लारेन पुढे येत होते, टायर जपून वापरण्याच्या मुद्द्यावर. मी खाली दुहेरी रेघ मारली.

माझा इतिहासही पूर्ण सांगायचा, तर २००९ चा उल्लेख टाळता येत नाही. होंडाने सोडून दिलेल्या संघातून उभा राहिलेला ब्रॉन संघ तेव्हा जवळजवळ कोऱ्या पांढऱ्या गाड्या घेऊन चाचण्यांत उशिरा उतरला आणि सगळ्यांच्या पुढे पळू लागला. मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि सात रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी मी चार जणांना अधिकारवाणीने पटवून दिले होते, की हे प्रायोजक मिळवण्यासाठी रिकाम्या गाड्या पळवत आहेत. मेलबर्नला त्यांचेच चालक, बटन पहिला आणि बॅरिचेलो दुसरा आला, आणि वर्षअखेर चालकाचे आणि संघाचे अशी दोन्ही विजेतेपदे त्याच संघाची झाली. त्या चौघांपैकी दोघे आजही मला रस्त्यात गाठून इंधनाचा भाव विचारतात.

शनिवारी पात्रता फेरीत मॅक्लारेन पहिल्या दोन्ही जागांवर आणि फेरारी सातव्या-आठव्या जागेवर दिसली, तेव्हा मी मित्राला फोन केला नाही. नुसता चटणीच्या दुकानाचा फोटो पाठवला. रविवारी साडेनऊला टीव्ही लावला आणि बघतो तर मेलबर्नला पाऊस. इकडे सकाळीच पंख्याखाली घाम निथळत होता आणि तिकडे हाजर नावाचा चालक पहिल्या फेरीआधीच, गाड्या रांगेत येण्याच्या फेरीतच, घसरून भिंतीवर गेला होता. शर्यत पावसाच्या टायरवर सुरू झाली. शुक्रवारचे माझे टायरझिजेचे कोष्टक, सरासऱ्या, दुहेरी रेघ, सगळे शब्दशः पाण्यात गेले. नॉरिस जिंकला, लेक्लेर आठवा आणि हॅमिल्टन दहावा आला, पण चटणी मागायला गेलो, तर मित्र म्हणाला, “तू कोरड्याचं बोललालास. ओल्याचं कुठं लिहिलंयस, दाखव की.” शाळेत उत्तर बरोबर आणि रीत चूक असली की गुरुजी शून्य देत, त्याची मला पस्तिशी उलटल्यावर आठवण झाली.

पुढच्याच आठवड्यात शांघायला छोटी शर्यत जादा असल्याने सरावाचे एकच सत्र होते, म्हणजे वहीला पान अर्धेच लागले. शनिवारची ती छोटी शर्यत हॅमिल्टनने जिंकली आणि मित्र पुन्हा लाल झाला. रविवारी मोठ्या शर्यतीनंतर तपासणी झाली आणि दोन्ही फेरारी बाद ठरल्या: हॅमिल्टनच्या गाडीच्या तळाची फळी नियमापेक्षा जास्त झिजलेली निघाली, आणि लेक्लेरची गाडी किमान ८०० किलो भरायला हवी होती ती ७९९ भरली.

ही बातमी मी मोठ्याने वाचली, तेव्हा काका ओट्यावर बसून दाढी करत होते. त्यांचा हात थांबला.

“शेवटी घातली ना काट्यावर?”

“घातली, काका.”

“आणि किलोभराच्या तुटीसाठी माणसाला बाजारातून उठवलं?” त्यांनी गालावरचा फेस पुसला. “अरे, आमच्याकडं एवढा पोत्यामागं वजनातून कडताच कापला जायचा.”