‘एक त्रस्त मिळकतधारक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

घरपट्टीवरील माझ्या लेखाखाली ‘एक त्रस्त मिळकतधारक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आकारणीवर हरकत घेतली तरी बिल मुदतीत भरावे, हे माझे म्हणणे त्यांना पटलेले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ‘ज्यांना बिल वाचता येत नाही, तेच आधी पैसे भरा म्हणून सांगतात’ हे वाक्य त्यांनी ज्या सुरात लिहिले आहे, तो सूर घरी आलेल्या पाहुण्याला शोभणारा नाही.

एक चूक मान्य करतो. करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर घरपट्टी बसते ती, काढताना घराला येऊ शकेल अशा वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा होतात, म्हणजे २४,००० रुपये भाडे धरले तर कर २१,६०० रुपयांवर बसतो, हे लेखात यायला हवे होते. पण भाजीत मीठ कमी पडले म्हणून बाईला चूलच पेटवता येत नाही, असे कोणी म्हणत नाही.

बिल वाचण्याविषयी सांगतो. आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. वडील घरपट्टीच्या पावत्या तारेत ओवून ठेवीत. १९९८ मध्ये महापालिका झाली, त्याआधीच्या नगरपालिकेच्या पावत्याही त्याच तारेत होत्या. २०१९ च्या पुरात खालच्या पंधरा-वीस पावत्या भिजून एकमेकींना चिकटल्या. त्या उन्हात वाळवून, कात्रीच्या टोकाने सोडवून, मी एकेक वाचली आहे. त्यांतच वडिलांच्या हट्टाचा हिशेब सापडला. पडवी आकारणीत धरल्याचा त्यांना राग होता आणि ‘हरकतीचा निकाल लागेपर्यंत छदाम देणार नाही’ असे ते सर्वांना सांगत. सहामाहीचे ३,२०० रुपये थकले. शास्ती, अर्थात थकबाकीवरचा दंड, दरमहा २ टक्के, म्हणजे ६४ रुपये. तीस महिन्यांत १,९२० रुपये झाले. पडवी बंदिस्त होती, त्यामुळे हरकतही टिकली नाही. शास्तीची ती पावती भरायला मीच गेलो होतो. तेव्हा हा सल्ला मी कोणाची वकिली करण्यासाठी दिलेला नाही.

‘पैसे भरले म्हणजे आकारणी कबूल केली’ या आपल्या मुद्द्यावर इतकेच सांगतो, की हरकत कायम ठेवून भरणा करीत असल्याचे पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. बिलातील शिक्षण करावरच्या आपल्या आक्षेपाबद्दल, तो कर राज्य शासनाचा असतो, महापालिका तो केवळ वसूल करते, हे लेखात लिहिलेच आहे. ‘बिल माझ्या नावावर आहे, म्हणजे घर माझेच’ या विधानावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. आकारणीची नोंद हा मालकीचा पुरावा नव्हे, नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे जागेच्या हक्काच्या नोंदीचा उतारा, काढून पाहावी.

बाकीचे आक्षेप लेख पूर्ण न वाचल्यामुळे आलेले दिसतात. आपण आपल्या बिलाची प्रत पाठवावी, मी ती ओळीने वाचून दाखवीन. नाव झाकून पाठवले तरी चालेल. नाहीतरी ते आपण झाकलेलेच आहे.